आबा कच्चं लिंबू

रविवार, संध्याकाळ

भिवपुरीला नदीकाठी सगळे जमलो होतो. जेवणं झाल्यावर लगोरी मांडली. आबांना आता पळवत नाही, म्हणून माझ्या लेकीने जाहीर केलं, "आजोबा कच्चं लिंबू!" सगळे हसले. मीही. का हसले मी?

चेंडू आबांच्या पाठीत बसला, चांगला सणसणीत. ते म्हणाले, "मी आउट हाय." कुणी लक्षच दिलं नाही. कच्चं लिंबू कधी आउट होतं का! "अरं, लागला ना मला!" म्हणत ते मधोमध उभे राहिले, आणि पोरं त्यांना वळसा घालून पळत राहिली.

लहानपणी मीही कच्चं लिंबू असायचे. रडायचे. मग आबा समजूत काढायचे, "पुढल्या वर्षी तू पक्की गं."

आज मी आबांना काय सांगू?