फिनाऊसाठी बोटीने पाठवलेलं पिंप

चि. फिनाऊस, थोरल्या बहिणीचा ऑकलंडहून आशीर्वाद. नात सिआले लिहिते आहे. अक्षर तिचं, रागावणं माझं.

बोटीने पिंप पाठवलंय. त्यात मांसाचे डबे, साबण आणि तुझी लोकरीची टोपी आहे. डब्यांना व्हिसा लागत नाही, म्हणून ते माझ्याआधी टोंगाला पोचतील. मी तीन आठवड्यांसाठी पणतू बघायला आले होते, तो आता चालायला लागलाय.

इथे सगळे बरे आहेत. काल माझा व्हिसा तिसऱ्यांदा वाढला. अर्जात कारण विचारलं होतं, सिआलेने 'महामारीमुळे टोंगाची सीमा बंद' असं लिहिलं. "आजी, मार्चपर्यंत मिळाला!" म्हणून पोरगी नाचली. परतीच्या विमानाच्या यादीत मात्र माझं नाव अजून नाही.

तुझी बायको म्हणते, तू ठणठणीत आहेस. मग फोनवर का येत नाहीस? आणि मयताला अंथरायच्या चटया अंगणात उन्हाला घातल्यात असं कानावर आलं, त्या कशाला?

आपल्या रीतीप्रमाणे भावाच्या उशाशी शेवटी थोरल्या बहिणीनेच बसायचं असतं. ती जागा मी कुणाला देणार नाही. तेव्हा तूही देवाकडे मार्चपर्यंत मुदत वाढवून माग. कारण विचारलं तर सांग, अक्का अजून आलेली नाही.

तुझी वाट अडवून बसलेली,
फूसीअक्का