अकराचं फॉलइन

७ फेब्रुवारी, शनिवार
सुभेदार शेलारसाहेब येणार. नक्की. त्यांची सून अंकिता हिने दुपारी फोनवर कन्फर्म केलं. कामोठ्याहून ती स्वतः गाडीने आणणार. साहेब ब्याऐंशी वर्षांचे. फौजेतल्या आमच्या चार्ली कंपनीचं गेट-टुगेदर आता झालं तर झालं.

तारीख २२, रविवार. जागा विचुंब्याचं समाजमंदिर. जेवण मटण-भाकरी. संयोजक हवालदार (निवृत्त) भगवान मोकल, म्हणजे मी.

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहून ठेवतो. सगळी सर्व्हिस कंपनीच्या स्टोअरमध्ये गेली. ब्लँकेटं दिली, ब्लँकेटं परत घेतली. कंपनी साहेबांसमोर उभी आहे आणि मी पुढे जाऊन सॅल्यूट मारून 'चार्ली कंपनी हाजिर है साब' असा रिपोर्ट देतोय, हे एकदाही घडलं नाही. यावेळी रिपोर्ट मी देणार.

रमाला सांगितलं. ती म्हणाली, द्या की, तुम्हाला कोण अडवतंय? बायको असून नेमका प्रश्न विचारते. कोण अडवतंय, तेच शोधायला हवं.

९ फेब्रुवारी, सोमवार
सापडला. महादेव ठाकूर. राहणार कोन गाव, धंदा रेती-खडी. फौजेत रिपोर्ट कायम तोच द्यायचा. आवाज मोठा म्हणून, बाकी काही नाही. आज स्वतःहून फोन. म्हणे काय मदत लागली तं सांग, मी हाय ना. इतक्या वर्षांत कधी मदत विचारली नाही, मग आत्ताच का?

(रमा म्हणते, आपल्या बाथरूमच्या कामाला त्यांनी फुकट रेती पाठवली होती. तो विषय वेगळा.)

निश्चय: महादेवला कामापुरतीच माहिती.

११ फेब्रुवारी, बुधवार
उलव्याच्या गुरुदत्तने मला न विचारता व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. दोन तासांत गुलाबाची फुलं, सूर्योदय, आणि एकाने तर हॉलचा फोटो टाकला. सिक्युरिटी शून्य. ग्रुप बंद करायला लावला. गुरुदत्त म्हणाला, मोकल, आपण जेवायला भेटतोय की हल्ला करतोय? हे विचारायला त्याला कोणी सांगितलं असेल?

आता चेन ऑफ कमांड. मी फक्त महादेव आणि गुरुदत्तला सांगणार. ते त्यांच्या खालच्यांना, ते आणखी खाली. जसं फौजेत होतं तसं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
टायमिंग ठरवलं. खरी वेळ अकरा. पण आपले लोक आता सिव्हिलियन झालेत, अकरा म्हटलं की एकला उगवतील. साहेबांची जुनी पद्धत आठवली. वरून आठचा हुकूम आला की साहेब साडेसात सांगायचे, महादेव सात सांगायचा, त्याच्या खालचा साडेसहा, आणि आम्ही सहापासून दात घासून फॉलइनला, म्हणजे मैदानात रांगेत उभे. चार्ली कंपनी कधीही लेट झाली नाही. तेच वापरायचं. मी खाली नऊ सांगितलं. खरी वेळ फक्त मला आणि अंकिताला ठाऊक.

अंकिता म्हणाली, अकरा ऐकून बाबा हसले. हसण्यासारखं काय आहे त्यात? महादेवने साहेबांचे कान भरलेले दिसतात.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
महादेव घरी आला. रताळी घेऊन. नवा ब्लेझर शिवायला टाकलाय म्हणे. बसायला ब्लेझर लागत नाही, रिपोर्ट द्यायला लागतो. मग अगदी सहज विचारल्यासारखं, मोकल, या टायमाला साहेबांना रिपोर्ट कोन देनार? मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, बरं. इतक्या पटकन 'बरं' म्हणणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असतं.

रताळी चांगली होती.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
मोठा पुरावा हाती. साताऱ्याच्या अंकुश घाडगेचा फोन. चेनच्या अगदी तळाचा माणूस. विचारतो, सहाला तिथं चहा मिळंल का थर्मास घेऊन येऊ? मी काही कळू न देता म्हटलं, मिळेल मिळेल. फोन ठेवल्यावर डोक्यात प्रकाश पडला. संध्याकाळी सहाला महादेवकडे दुसरी पार्टी आहे! मला वगळून! माझ्या मटणावर दुपार काढायची, साहेबांना संध्याकाळी कोनला न्यायचं आणि खरा रिपोर्ट तिथे द्यायचा.

रमा म्हणाली, सरळ विचारा ना भावोजींना. फौजेत सरळ विचारत नसतात.

२१ फेब्रुवारी, शनिवार
आजपासून रेडिओ सायलेन्स. कालच हुकूम खाली पाठवला, कार्यक्रम होईपर्यंत कोणी कोणाला फोन करू नये. माझा फोन बंद. हॉलवाला म्हणत होता, किल्ली राहू द्या, सकाळी मी उघडतो. इतका आग्रह कशाला? किल्ली आणली. उशाखाली आहे.

बाथरूममध्ये रिपोर्टची प्रॅक्टिस केली. तिथे आवाज महादेवपेक्षा भारी येतो. वरच्या मजल्यावरून कोणीतरी 'हाजिर' म्हणालं. कोण ते बघायला हवं.

रमाला सूचना: उद्या दहापर्यंत कोणीही आलं तरी दार उघडायचं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी साडेसात
मला ठाऊकच होतं. आत्ता बेल वाजली. दाराच्या भोकातून पाहिलं तर महादेव. ब्लेझर घालून! अकराच्या कार्यक्रमाला या वेळी! शेवटच्या क्षणी माझ्याकडून रिपोर्ट काढून घ्यायला आलेला. ताबडतोब टीव्ही बंद केला. श्वास रोखला. त्याने परत बेल मारली, मग दार ठोकलं, साहेब थांबलेत रे, असं ओरडला. साहेबांचं नाव घेऊन दबाव आणतो. रमा उठली, तिला हाताने खाली बसवलं. ती कुजबुजली, अहो, काहीतरी काम असेल. काम आहेच, कोणतं तेही मला माहीत आहे.

गेला. खाली गेटपाशी बराच वेळ वर बघत उभा होता. मी पडदा हलू दिला नाही. मोहीम फत्ते. आता निवांत आंघोळ, पोहे, बूट पॉलिश.

सव्वाअकरा, समाजमंदिर
एक माणूस नाही. नऊ सांगूनसुद्धा! शिस्त मेली. पायरीवर चहाचे कागदी कप पडलेत, झेंडूच्या पाकळ्या आहेत, कोणाच्या तरी थर्मासचं झाकण आहे. हॉलवाल्याला स्वच्छतेबद्दल बोलणार.

साहेबही नाहीत. सगळे कोनला असणार.

दुपारी एक
मटण-भाकरी आली. संपूर्ण कंपनीची. वाढायला मी आणि रमा. रेडिओ सायलेन्स मोडून फोन सुरू केला. एकही मिस्ड कॉल नाही. हुकूम सगळ्यांनी पाळला होता.

रमाने मला न विचारता महादेवला फोन लावला. स्पीकरवर.

संध्याकाळी
लिहितो. लिहायलाच हवं.

मी नऊ सांगितलं. महादेवने खाली आठ सांगितलं. त्याच्या खालच्यांनी सात. तळापर्यंत पोचेस्तोवर सहा. सहाला अख्खी चार्ली कंपनी समाजमंदिरासमोर, कुलूप बघत उभी. घाडगेने थर्मासमधला चहा सगळ्यांना पुरवला. महादेव स्वतः सहालाच तिथे. आठ खाली सांगणारा माणूस आठला येतो थोडाच.

आणि साहेब सातला. सुनेला म्हणाले होते, मोकल अकरा म्हणतोय ना, म्हणजे पोरं पहाटेपासून उभी असतील, काढ गाडी.

महादेव फोनवर पुढे म्हणाला, साहेबांना मीच बोल्लो होतो, या टायमाला रिपोर्ट मोकल देईल. तुला शिवरात्रीला इचारला, तं तू बघू बोल्लास. मी तुज्या दाराशी उभा होतो रे. आत टीवी चालू होता. बेल मारली तं बंद झाला.

रमाने माझ्याकडे पाहिलं. मी मटणाच्या डेगीकडे पाहिलं.

नऊपर्यंत थांबले म्हणे. उन्हात, रांगेत. साहेबांची औषधाची वेळ झाली, साताऱ्यावाल्यांची गाडी निघत होती. शेवटी महादेवनेच पुढे होऊन रिपोर्ट दिला. चार्ली कंपनी हाजिर है साब, एक गैरहाजिर. साहेबांनी विचारलं, कोण? नाव सांगितल्यावर म्हणाले, स्टोअरवाला मोकल? तो तर कधी गैरहाजिर नसायचा.

फोन ठेवला. शेजारच्या बिल्डिंगच्या साइटवरच्या लोकांना जेवायला बोलावलं. दोनची वेळ दिली, दोनला आले. पोटभर जेवले.

२३ फेब्रुवारी, सोमवार
साहेबांनी माझी पेशी लावली आहे. गैरहजेरीचं कारण समक्ष येऊन सांगायचं. येत्या रविवारी, कामोठ्याला, त्यांच्या घरी. निरोप साहेबांनी अंकिताला दिला, अंकिताने महादेवला, महादेवने रमाला. रमा म्हणते, दहा वाजता. तिला महादेवने किती सांगितलं आणि साहेबांनी मुळात किती सांगितलं, ते ती सांगत नाही. नुसती हसते.

अंकिताला फोन करून सरळ विचारावं का? उचलला होता फोन. परत ठेवला.

महादेव म्हणाला, मी गाडी घेऊन तुला न्यायला येतो, नवाला. आणि म्हणाला, साहेबांसमोर पहिला रिपोर्ट दे, एकट्याचा का होईना, मंग कारन सांग. त्याचा ब्लेझर मला बसेल का, तेही विचारलं त्याने.

रमाने दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आहे. बेल वाजली की उघडणे.

महादेव नऊ म्हणाला आहे. मी पाचपासून दाराशी बसणार.