पाण्याखालचा भार

३ फेब्रुवारी २०२५
स्नानसंध्या आटोपून धरणावर आलो. प्रसन्न प्रभात, निर्मळ जल, आणि काठावर अज्ञानाचे संमेलन. पुतण्या मयुरेश येथे पर्यटकांसाठी मोटारबोट चालवतो. म्हणजे ती बंद पडते आणि हा कपाळाला हात लावतो. मोटर चालू असतानाही बॅटरी उतरते, म्हणून हा नुसत्या बॅटऱ्याच बदलत राहिला. चार्जिंग तपासावे, हे सुचले नाही. तंत्रनिकेतनात आयुष्यभर विद्युतशास्त्र शिकवलेल्या काकाचे स्मरण अखेर झाले, हे त्याचे पूर्वपुण्य. निघताना सून योगिनीने बजावले, की छातीत पेसमेकर आहे, चालू इंजिनाजवळ जाऊ नये. माझे हृदय त्या यंत्रावाचून थांबेल, हे मी जाणतो. विजेचे पाठ मात्र तिने मला देऊ नयेत.

५ फेब्रुवारी
बोट काठाला बांधून परीक्षा केली. फ्लायव्हीलखालचा स्टेटर वीज निर्माण करतो, रेक्टिफायर ती बॅटरीजोगी करतो, दोन्ही निर्दोष. बॅटरीवर चौदा व्होल्ट. गंजलेले जोड घासले, अर्थिंग पाहिले. बोटचालक हिरामण दात काढून म्हणाला, की बाबा, कडेला ती लय गुणाची, मधी गेली की माहेर आठवतं तिला. अशा विनोदबुद्धीच्या हाती लोकांचे प्राण सोपवले आहेत!

६ फेब्रुवारी
मध्यावर गेलो. मोटर पूर्ण वेगात, स्टेटरची वीज यथायोग्य, तरी व्होल्ट अकरावर. म्हणजे कोणता तरी भार वीज ओढतो. दिवे, भोंगा, पंप, सारे तोडले. शेवटी बॅटरीच सोडवून फळीवर ठेवली. एकही तार नाही. तरीही काटा उतरत राहिला. मल्टिमीटर बिघडला असावा, मयुरेशची खरेदी.

७ फेब्रुवारी
नवा मीटर. तेच. हिरामणचा आणि माझा भ्रमणध्वनी मध्यावर एकदमच मृत झाले. मला भोवळ आली, उन्हामुळे. काठावर परतताच बरे वाटले. हिरामण आता हसत नाही.

८ फेब्रुवारी
एकादशी. योगिनीने बळेच रुग्णालयात नेले. पेसमेकरची बॅटरी आणखी काही वर्षे पुरायची होती. ती संपत आली आहे म्हणे. सोमवारी बदलणार. डॉक्टर पोरसवदा, म्हणाला, "आजोबा, असं कधी होत नाही." होत नाही, ते झाले कसे, हे विचारण्याइतकीही जिज्ञासा त्याला नाही.
मला आहे. ती मी दडपू पाहतो आहे.

९ फेब्रुवारी
मयुरेशने शहरातून कोणी मेकॅनिक आणला. तो सांगतो, स्टेटर जळला. धादांत असत्य! उद्या शस्त्रक्रिया, आजच त्याचे अज्ञान उघडे पाडतो. हिरामण नको म्हणाला. त्याला भित्रा म्हटले, तेव्हा आला.

बोटीतून, भर दुपारी
मोटर थांबली. हिरामण वल्ही मारतो आहे. बोट सरकत नाही —

खाली दिवे आहेत. पिवळे, रांगेने. हिरामण रडत सांगतो, की खाली त्याच्या आईचे गाव आहे. खांब आले होते, घरोघर बल्ब टांगले होते. तारा ओढण्याआधी धरणाचे पाणी चढले.

वायरिंगही अडाणी. एकालाही पुरता विद्युतदाब नाही. मूर्खांनी सारे एकाच —

हात गार. जप सुरू केला. मंत्र मध्येच —

"बाबा, बोलत राहा," हिरामण ओरडतो. ह्याला गप्प —

सगळ्यांत जवळचा दिवा लुकलुकतो. मनगटावर बोट ठेवले. नाडीच्याच लयीत. ठोका, उजेड. ठोका, उजेड.

विझला.

वाट पाहतो आहे.

लागला.

आता पुन्हा वि