खुर्चीपट्टी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाचीचा खोकला गेला का? घरातल्या बाकी सगळ्यांची खुशाली कळव. (बाकी सगळ्यांत दाजी येत नाहीत. त्यांची खुशाली मला नको.) पुलापलीकडे राहणाऱ्या बहिणीला पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोन केला की दाजीच उचलतात आणि "बोला साहेब" म्हणतात. ते "साहेब" ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि सलूनवाल्याच्या हातात वस्तरा असताना असं होणं बरं नव्हे.

तर तुझे यजमान नगरपालिकेच्या कर समितीचे सभापती झाले. (हार मीच घातला होता. माझे हात का नाही मोडले तेव्हा!) आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी ही खुर्चीपट्टी काढली. ज्या दुकानात गिऱ्हाईक बसतं, त्याने दर खुर्चीमागे कर भरायचा. का, तर गटारं दुरुस्त करायची आहेत आणि तिजोरीत खडखडाट आहे. मान्य! गटार माझ्याच दारासमोर तुंबलंय, नाक मलाही आहे. पैसा काय आभाळातून पडणार, असं दाजी म्हणतात, आणि यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही, म्हणून तर जास्त राग येतो. पण खुर्ची कमावते का गं? कमावतात हात, आणि ते मला दोनच आहेत. एका खुर्चीवर मी काम करतो, दुसरीची पाठ मोडलीय, तिसरीत बाबा सकाळपासून डुलक्या घेतात. मोजणीला माणूस आला तेव्हा मी त्याला हे सगळं गोड बोलून पटवलं होतं. तो एकच खुर्ची लिहून निघालाच होता, तेवढ्यात बाबा जागे झाले आणि माळ्यावर आणखी एक आहे, जुनी असली तरी दणकट आहे, असं त्यांनी आपणहून सांगितलं. वर शिडी कुठे ठेवलीय तेही दाखवलं! झालं, लिहिल्या चारच्या चार. जन्मभर खरं बोललेला माणूस, एक दिवस सुट्टी घेतली असती तर काय बिघडलं असतं?

मग हरकती ऐकायला सभा ठेवली. मी दुकान बंद करून गेलो. दाजी समोर उंच पाठीच्या खुर्चीत. (तिच्यावर कर नाही. मी चौकशी केली.) माझ्या मागे आमची सगळी गल्ली, शिंपी, फोटोवाला, दातांचा डॉक्टर. तुझी जीभ तिखट आहे, तूच बोल, म्हणून मला पुढे ढकललेलं. आणि बोललो की मी! अगं, काय बोललो! म्हटलं, हा कुठला न्याय? दातांच्या डॉक्टरकडे खुर्ची एकच, पण तिच्यात माणूस नुसता आ करून बसला तरी माझ्या महिन्याच्या कमाईएवढे पैसे होतात. शिंप्याकडे तर खुर्चीच नाही, लोक उभ्याउभ्या मापं देतात, म्हणजे तो फुकटात सुटला! फोटोवाल्याकडे स्टूल आहे, स्टुलावर काय माणसं लोंबकळतात? टाळ्या पडतील म्हणून मी जरा थांबलो. टाळ्या वाजवल्या एकट्या दाजींनी. हरकतदाराचं म्हणणं अगदी रास्त आहे, कर सगळ्यांना हवा, असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्ती मंजूर करून घेतली. स्टुलाला कर, बाकाला कर, दातांच्या खुर्चीला चौपट, आणि जिथे गिऱ्हाईक उभं राहतं तिथे आरशामागे कर. आणि माझ्या खुर्च्या? त्या चारही जशाच्या तशा, माळ्यावरचीसुद्धा! मी ओरडलो, माझं काय? तर दाजी शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमची हरकत इतरांबद्दल होती. स्वतःबद्दल तुम्ही काही बोललाच नाहीत." आणि ताई, ते खरं होतं. रागाच्या भरात माझी मोडकी खुर्ची सांगायचीच राहून गेली.

आता गल्लीची मजा ऐक. माझ्याकडे केस कापायचे नाहीत असं सगळ्यांनी ठरवलंय. बाजारातल्या सलूनवाल्याने पट्टीच्या नावाखाली दर वाढवलेत, म्हणून तिकडेही जात नाहीत. सरळ केस वाढवतात! शिंप्याचे केस कॉलरीखाली गेलेत. डॉक्टर तोंडात वाकला की त्याची झुलपं पेशंटच्या नाकात जातात. समोरून जाताना हे लोक मुद्दाम केसांतून हात फिरवतात, माझ्याकडे बघत! या आठवड्यात मी फक्त बाबांची दाढी केली, रोज दोनदा. आता तेही वस्तरा बघितला की गालावर हात ठेवतात. असंच चाललं तर महिनाअखेर दुकानाला कुलूप लागेल. हे मी रागाने नाही, घाबरून लिहितोय.

तुझा (फक्त तुझा),
धाकटा

ता. क. सभापती झाल्यापासून दाजी केस कापायला आलेले नाहीत. मेहुण्याकडे गेलं तर लोक काय म्हणतील, असं त्यांना वाटत असणार. त्यांना सांग, माझा राग गेला. शेवटी नाती महत्त्वाची. शनिवारी संध्याकाळी, गल्ली गजबजलेली असताना या म्हणावं, सगळ्यांसमोर समेट होऊ दे.

ता. क. दुसरा. पहिला ता. क. तेवढा त्यांना वाचून दाखव, हा मात्र फाडून टाक. राग गेलेला नाही. शिंप्याशी आणि डॉक्टरशी मी मध्यस्थ घालून बोललोय. शनिवारी दुकानाबाहेर सगळी गल्ली उभी असेल. दाजींचं अर्धं डोकं साफ झालं की मी मशीन बंद करून बाजूला ठेवीन आणि आधी गल्लीच्या, मग माझ्या राहिलेल्या हरकती नोंदवीन. मंजूर झाल्या की उरलेलं अर्धं. नाही झाल्या तर त्यांना पुलावरून तसंच चालत घरी यावं लागेल, आणि दार तुला उघडायचंय. तू फक्त त्यांना पाठव, ताई. त्यांचे केस पंधरा दिवसांत पुन्हा येतील, माझी गिऱ्हाइकं आपणहून यायची नाहीत.