माझी हजेरी, तिचा आवाज

३ जुलै
भोंग्याचा घसा बसला! मेले मी.

भोंगा म्हणजे माझी मैत्रीण; गेलं वर्षभर वर्गात शेजारी बसून माझी हजेरी तीच देते. स्वतःचं ‘हजर’ खणखणीत, माझं बारीक, किनरं. बाई मान वर करत नाहीत. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की मला घाम फुटतो, आणि तिचं तोंड मिटत नाही — म्हणून तर ती भोंगा! आज गळ्याला मफलर गुंडाळून नुसत्या खुणा. माझं नाव आलं, गेलं. गैरहजर! आख्खी मी बाकावर बसलेली.

४ जुलै
पुन्हा गैरहजर. तीन दिवस झाले की घरी फोन जातो. फोन म्हणजे बाबा. बाबा म्हणजे व्याख्यान — जेवताना सुरू, अंथरुणात संपणार.

संध्याकाळी बाथरूममध्ये सराव केला. बादलीत आवाज छान घुमतो. आईने दार वाजवलं. “अगं, कोणापुढे हजर होतेयस? बाहेर ये!”

५ जुलै
बोलले! सगळ्या वर्गासमोर, ‘हजर’!

माझा खरा आवाज जरा घोगरा आहे. शाळेत कोणाला माहीतच नाही! बाईंनी चष्मा सावरला. “हिची हजेरी कोण देतंय? हिचा आवाज काय मला माहीत नाही? चांगला किनरा आहे.”

आता आली का पंचाईत! उभी राहिले. “बाई, मीच आहे मी.” वर्ग खो खो हसत सुटला.

“मग वर्षभर कोण होतं?”

भोंग्याकडे पाहिलंच नाही. “मीच. घाबरून बारीक यायचा.” इतकं सफाईदार खोटं, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडून! बाईसुद्धा हसल्या. वाटलं होतं रडू येईल, पण मलाही हसूच आलं. भोंगा मफलरात तोंड खुपसून हसून गदगदत होती.

६ जुलै
भोंग्याच्या घशासाठी मध घेऊन तिच्या घरी गेले. दार तिच्या दादाने उघडलं.

“घसा? हिचा? तीन दिवस आमचे कान किटलेत! म्हणते, शाळेत तोंड शिवून बसावं लागतं, घरी तरी बोलू द्या.”

भोंगा तीन दिवस गप्प बसली. माझ्यासाठी!