आशीर्वादाच्या वेळचा वास

पप्पा, गोखिवऱ्याला नाक्यावरच्या मेडिकलमध्ये खोकल्याच्या गोळ्यांची काचेची बरणी मी हाताने उडवली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि धाकटा सहा वर्षांचा. तुमच्या जाण्यानेही इतकं बदललं नव्हतं, कारण तेव्हा निदान आई आणि आम्ही दोघं एका बाजूला होतो. ती बरणी फुटली आणि मला कळलं की आमच्या घरात आता बाजूच उरलेल्या नाहीत.

त्या दुकानात एक मुलगी कामाला होती. दिवसा फार्मसीचं कॉलेज करायची आणि संध्याकाळी काउंटरला उभी राहायची. तुम्ही असता तर तुमच्यासमोर तिचा विषय काढायची माझी हिंमत झाली नसती, म्हणून आता लिहितो. मला कधी काही लागलं-दुखलं नव्हतं तरी मी रोज तिथे जखमेच्या चिकटपट्ट्या घ्यायला जायचो. एकदा ती म्हणाली, "एवढ्या पट्ट्या लावतोस कुठे? माणूस आहेस की फुटलेला पाइप?" दुकानातले सगळे हसले, मीही हसलो आणि त्या रात्री मला झोप आली नाही. पुढे आम्ही बाहेर भेटू लागलो. कॉलेज मी तोवर सोडलं होतं. दुसऱ्या वर्षाला एका सरांनी सगळ्या वर्गासमोर माझ्या गावच्या बोलण्याची नक्कल केली, मी बाक लाथेने आडवा केला, आणि मला माफीचं पत्र लिहायला सांगितलं ते मी लिहिलं नाही. हे घरी सांगितलं नाही. रोज सकाळी बॅग घेऊन निघायचो आणि एका कारखान्यात पॅकिंगला जायचो. आईला वाटायचं, पोरगा ग्रॅज्युएट होतोय.

त्या संध्याकाळी तिने गिऱ्हाईक जाईपर्यंत मला थांबवलं आणि हळूच म्हणाली, "रागावू नकोस. तुझा भाऊ रोज येतो. खोकल्याचं सिरप मागतो. मी देत नाही, मग तो पलीकडच्या गल्लीत जातो."

"खोकला झालाय त्याला. आमच्या वाडीत गारवा असतो."

"तो इथे दहा-दहा मिनिटं उभा असतो. मी त्याला एकदाही खोकताना ऐकलेलं नाही. त्याचे डोळे बघ. आईला सांग."

मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. माझ्या घराची बदनामी करतेस, तुमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना आमच्या गावातली माणसं कळायची नाहीत, असलं बरंच काही. बोलता बोलता हात गेला आणि बरणी खाली आली. ती ओरडली नाही. खाली बसून काचा वेचू लागली, आणि वर न बघता म्हणाली, "उद्यापासून इथे येऊ नकोस." आता ती त्या दुकानात नाही. कुठे आहे ते मला ठाऊक आहे, त्या रस्त्याने जातोही, पण थांबत नाही.

पप्पा, खरं सांगायचं तर तिने मला नवीन काहीच सांगितलं नव्हतं. दोन महिने आधी मी वाडीत केळींना पाणी सोडायला गेलो होतो. पाट तुंबला होता म्हणून हात घालून पाला काढला, तर आत सिरपच्या रिकाम्या बाटल्या. लेबलं सोलून काढलेली, एकावर एक नीट रचलेल्या. धाकटा पंपाच्या खोलीच्या पायरीवर मोबाइल बघत बसला होता. मी एक बाटली त्याच्यापुढे धरली. त्याने मान वर केली आणि हसला. "दादा, हल्ली तुझं लेक्चर किती वाजता असतं रे?"

मी बाटली खाली केली.

"तू आईला हे सांग, मी ते सांगतो. नाहीतर दोघं गप्प बसू. तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी."

सतरा वर्षांचा पोरगा हिशोबी माणसासारखा बोलला. मी त्याच्या कानाखाली द्यायला हवी होती, किंवा त्याच्या शेजारी पायरीवर बसून विचारायला हवं होतं की बाबा, काय होतंय तुला. जगावर हात उचलणारा मी, तिथे मुकाट्याने बाटल्या गोळा केल्या आणि बांधापलीकडे नेऊन पुरल्या. भाऊबंदांच्या जागेत.

आणि संध्याकाळी रोझरीची प्रार्थना. तुमच्या वेळी व्हायची तशीच, घरातल्या आल्तारापुढे चटई टाकून. ती संपली की आम्ही तुमच्यापुढे हात जोडून वाकायचो, तुम्ही डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचात आणि त्याच वेळी जरा खाली झुकून आमच्या तोंडाचा वास घ्यायचात. मला ते बराच काळ कळलं नव्हतं. मग ते नंदाखालचं लग्न आठवतं. मी नऊ वर्षांचा असेन, मांडवामागे कुणीतरी गंमत म्हणून मला घरच्या दारूचं झाकणभर पाजलं. त्या रात्री तुमचा हात माझ्या डोक्यावर तसाच थांबला. तुम्ही मारलं नाहीत. सकाळी मला सायकलवर बसवून काकाकडे नेलंत. काका खाटेवर पडलेला, पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. तुम्ही म्हणालात, "जवळ जा. घे वास. हा वास माझ्या घरात आला तर मी तुझा बाप नाही." मी आजही दारूच्या दुकानासमोरून श्वास रोखून जातो, एवढं तुम्ही पक्कं केलंत. पण पप्पा, तुम्ही आम्हाला एकच वास शिकवलात.

तुमच्या मागे आईने तो नेम चालू ठेवला. रोज आशीर्वाद, रोज वास. धाकट्याच्या तोंडाला दारूचा वास कधीच आला नाही. एकदा सिरपचा गोडसर वास आला तर तिला बरंच वाटलं. "औषध घेतोस ना? शहाणा माझा." दुसऱ्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात अडुळशाचा काढा उकळू लागली. मी ओट्यापाशी उभा असायचो, पातेल्याची वाफ तिच्या चष्म्यावर यायची, ती पदराने चष्मा पुसायची आणि म्हणायची, "छातीत कफ धरलाय पोराने, म्हणून जेवत नाही." दुपारपर्यंत झोपतो, तर वाढीचं वय. डोळे लाल, तर मोबाइल. शाळेपासूनचे मित्र सुटले, तर बरं झालं, टवाळ होते. एकदा त्याने जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्यावर गेलाय." प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे उत्तर होतं, आणि तिच्याइतकी ती उत्तरं मलाही हवी होती.

चर्चच्या हॉलमध्ये पालकांसाठी एक सभाही झाली. समुपदेशनाचं काम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. मुलगा अचानक तुटक वागायला लागला, झोप, भूक, मित्र सगळं एकदम बदललं, तर दमदाटी करू नका, झडती घेऊन मोकळे होऊ नका, त्याच्याजवळ बसा, विचारा, आणि लाज न बाळगता डॉक्टरकडे न्या, असं त्यांनी सांगितलं. आई पहिल्या रांगेत होती, मान हलवत होती. घरी येताना बरोबरच्या बायकांना म्हणाली, "बिचाऱ्यांच्या नशिबी काय काय येतं. आपण तर रोज पोरांबरोबर गुडघ्यावर असतो." सभेच्या खुर्च्या धाकट्याने लावल्या होत्या. फादरांनी त्याची पाठ थोपटली.

सिरपवरून तो गोळ्यांवर गेला, आणि मग कसल्याशा पावडरवर. बरणी फुटली त्या रात्री मी आईला सांगणार होतो. दारापर्यंत आलो, ती माझ्या परीक्षेसाठी नवस बोलत होती. नाही सांगितलं. पुढच्याच महिन्यात भर दुपारी तो पंपाच्या खोलीत पडलेला सापडला, ओठ निळे, तोंडाला फेस. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय घेतो हा? आई ताठ उभी राहून म्हणाली, "डॉक्टर, दारूला शिवत नाही माझा मुलगा. मी रोज स्वतः बघते." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?" मी म्हणालो, नाही.

तो वाचला. व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, घरी आला, आणि चार आठवडेही टिकला नाही. आता दुसऱ्यांदा तिथे आहे. माझं कॉलेजही त्याने सांगून टाकलं, मी त्याला गाडीत कोंबत होतो तेव्हा, सगळ्या आळीसमोर. आई नुसती ओटीवर बसली. हल्ली ती कुणी विचारलं तर सांगते, धाकटा पुण्याला हॉटेलचा कोर्स करतोय. माझ्याशी जेवणापुरतं बोलते. रोझरी ती एकटी म्हणते, दार लावून.

दर रविवारी घरच्यांनी भेटायला जायचं असतं. आई येत नाही. मी जातो. तो समोर बसतो, नखं कुरतडतो आणि म्हणतो, "काय रे ग्रॅज्युएट, कसं चाललंय?" मागच्या रविवारी तिथल्या सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बरं व्हायचंय असं त्याला अजून आतून वाटत नाहीये, आणि ते वाटेपर्यंत आम्ही फार काही करू शकत नाही. कधी वाटेल, विचारलं. त्यांनी खांदे उडवले नाहीत, खोटी आशाही दिली नाही. चहा घ्या म्हणाले.

आज रविवार आहे. आई चर्चमध्ये मिस्साला गेली आहे. हे कुठे पाठवायचं नाही, पण तुमच्याशी एकदा तरी खोटं न बोलता बोलायचं होतं. सरांना मी सांगतो की मी त्याच्या घरी येण्याची वाट बघतोय. वाट बघत नाही, पप्पा. तो तिथे आहे तोवर मला इथे गाढ झोप लागते. वाडीत जाताना भीती वाटत नाही. त्याने लवकर येऊ नये असं वाटतं, आणि आईलाही तसंच वाटत असावं, म्हणून आम्ही एकमेकांकडे बघत नाही. आता त्याचे धुतलेले कपडे पिशवीत भरतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.