बेरिलची सही घेऊ नये

मी, क्लिफर्ड आर्थर ओल्डरॉइड, वय वर्षे एक्याऐंशी, गावच्या साप्ताहिकाचा निवृत्त उपसंपादक, राहणार टॉडमॉर्डन, यॉर्कशर, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. मेव्हणी बेरिल शेजारच्या खोलीत रेडिओशी मोठ्याने वाद घालते आहे. त्याला दडपण म्हणत नाहीत, मी वकिलांना विचारून घेतलं. याआधीचं मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने फाडलं. ते लिहिलं तेव्हा माझी बायको थेल्मा हयात होती आणि सगळं तिलाच जायचं होतं.

कलम १. माझा अंत्यविधी साधा करावा. कबरीच्या दगडावर आणि वर्तमानपत्रात माझ्याबद्दल "मेला" असं लिहावं. "पास्ड अवे" लिहू नये. मी कुठली परीक्षा दिलेली नाही. थेल्मा वारली तेव्हा अंत्यविधीवाला मला सारखा "युअर लव्हड वन, युअर लव्हड वन" म्हणत होता. शेवटी मी म्हणालो, "अहो, तिला नाव होतं. थेल्मा." तर म्हणतो, "सॉरी फॉर युअर लॉस." जसं काही मी बसमध्ये छत्री विसरलो होतो. माणूस वाईट नव्हता, थेल्माचे केस त्याने नीट विंचरले होते. काम त्यालाच द्यावं, फक्त बोलू देऊ नये.

आमच्या चर्चच्या धर्मगुरू पेनीबाई यांनी माझ्याबद्दल "व्हेरी युनिक" म्हणू नये. एकमेव म्हणजे एकमेव, त्यात आणखी "व्हेरी" काय घालणार? हट्टी म्हणावं. ते खरंही आहे आणि लोकांना पटेलही.

कलम २. शब्दकोशाचे दोन्ही खंड गावच्या वाचनालयाला द्यावेत. पानांच्या कडेला मी शेरे मारलेत, त्याबद्दल दंड लावू नये.

हॅरल्ड खाटकाला पांढऱ्या रंगाचा एक डबा आणि चांगला ब्रश घेऊन द्यावा. त्याच्या दुकानाच्या पाटीवर गेली वीस वर्षं "ताजे" सॉसेज असं लिहिलंय, तेही अवतरणचिन्हांत. मी त्याला विचारलं होतं, "हॅरल्ड, हे ताजे कोण म्हणतंय? तू तर म्हणत नाहीस ना?" तो म्हणाला, "क्लिफ, अरे ती चिन्हं शोभेची आहेत." तरी मी दर शनिवारी तिथूनच सॉसेज घेतले. चांगले असतात.

कलम ३. बँकेतली सगळी शिल्लक, आईचा पियानो आणि निळा टी-सेट माझी मुलगी गिलियन हिला. ती लंडनला मोठ्या ऑफिसात आहे आणि तिथल्या भाषेने पोरीचं वाटोळं केलंय. लहानपणी जेवताना म्हणायची, "बाबा, मला अजून बटाटे." आता फोनवर म्हणते, "बाबा, गोइंग फॉरवर्ड बेरिल मावशीचं काय करायचं ते बघायला हवं." मी म्हटलं, "बाळा, एक्याऐंशीव्या वर्षी पुढे जायला एकच दिशा असते." ती हसली नाही. म्हणाली, "मी सिरियसली बोलतेय. तुम्ही नसाल तेव्हा घर विकावं लागेल. मावशीला वृद्धांच्या घरकुलात एखादी खोली मिळेल. इट इज व्हॉट इट इज."

या शेवटच्या वाक्याचा अर्थ चाळीस वर्षं भाषेत काढूनही मला लागलेला नाही. गिलियन मनाने कोरडी नाही. आई आजारी असताना ती दर आठवड्याला पाच तास प्रवास करून यायची. पण ती रविवारी परत जायची, आणि बेरिल राहायची. गिलियनने हे कलम वाचून रागावू नये. माझं तिच्यावर फार प्रेम आहे, हे मी साध्या शब्दांत इथे लिहितो, कारण फोनवर ते जमलं नाही.

कलम ४. आता बेरिल. थेल्माची धाकटी बहीण, वय शहात्तर, लग्न केलं नाही. सात वर्षांपूर्वी थेल्माने अंथरूण धरलं तेव्हा बेरिलने हॅलिफॅक्समधली नगरपालिकेची खोली सोडली आणि शिवणयंत्र घेऊन आमच्याकडे आली. ती खोली आता दुसऱ्या कुणाला मिळाली आहे. तिला जायला दुसरी जागा नाही.

बेरिल बोलायला लागली की "लिटरली" थांबत नाही. जिना चढली की लिटरली मेलेली असते, भूक लागली की घोडा लिटरली खाऊ शकते. हॉस्पिटलमध्ये थेल्माच्या उशाशी बसून ती म्हणाली, "हा डॉक्टर म्हणजे लिटरली देव आहे." मी म्हटलं, "मग देवाच्या गाडीला पार्किंगचा पास कशाला लागतो?" थेल्मा इतकी हसली की नर्स धावत आली. त्यानंतर थेल्मा म्हणायची, "तुम्ही दोघं असंच भांडत राहा. मी ऐकत पडते." म्हणून आम्ही भांडत राहिलो. कधीकधी बेरिल मुद्दाम चुकत असावी असा मला संशय आहे, पण विचारलं नाही.

थेल्माला पोचवून घरी आलो तेव्हा घरात चिटपाखरू नसल्यासारखं वाटत होतं. बेरिलने किटली ठेवली आणि म्हणाली, "क्लिफ, माझे पाय लिटरली तुटलेत."

"मग उभी कशावर आहेस?" मी म्हणालो.

मग ती टेबलाशी बसून रडली, आणि मीही रडलो. चहा गार झाला. त्या दिवसापासून आजपर्यंत हे घर गप्प राहिलेलं नाही. बेरिल नसती तर मी कधीच आटोपलो असतो.

कलम ५. राहतं घर, मागची बाग आणि कोळशाची खोली मी बेरिल हिला पूर्णपणे, तिच्या मालकीचं म्हणून देतो. नुसतं मरेपर्यंत राहायला नव्हे. विकायचं, ठेवायचं, भिंतींना वाटेल तो रंग द्यायचा, तिचं तिने ठरवावं. मागे एकदा मी हा विषय नुसता काढला, तर "गिलियनच्या तोंडचा घास मी खाऊ होय?" म्हणून ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तेव्हा हे तिला आधी कळू द्यायचं नाही. नंतर तिने कितीही नाही म्हटलं तरी वाद घालायला मी नसेन.

कलम ६. हे कलम ऐनवेळी घालतो आहे. साक्षीला बोलावलेले स्टॅन्ली आणि मेवीस समोर बसून चहा पीत आहेत. आत्ताच बेरिल चहाबरोबर खायला स्कोन घेऊन आली, ॲप्रनला हात पुसले आणि टेबलावरचं पेन उचललं.

"कुठे करायची सही?"

"तू नको," मी म्हणालो.

"का? माझं अक्षर वाईट आहे?"

"तसं नाही. ते दोघं पुरेत."

"स्टॅन्ली चालतो, मेवीस चालते. सात वर्षं तुझ्या घरात राबतेय, क्लिफ, आणि मी परकी?"

"तू सही करायची नाहीस, बेरिल. विषय संपला."

तिने पेन खाली ठेवलं, स्कोनचं ताट उचललं आणि आत गेली. आता आतून भांड्यांचा आवाज येतो आहे. स्टॅन्ली माझ्याकडे असा बघतोय, जणू मी बाईवर हात उगारला.

हे मृत्युपत्र वकिलांनी बेरिलच्या देखत वाचावं आणि पुढचं तिला सावकाश वाचून दाखवावं.

बेरिल, आपल्याकडे कायदा असा आहे की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळायचं आहे, त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला दिलेलं रद्द होऊ शकतं. तू तर पेनच उचललंस. एका सहीने तुझं घर धोक्यात आलं असतं. परकी म्हणून नाही गं थांबवलं तुला.

सही: क्लिफर्ड आर्थर ओल्डरॉइड

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली आणि आम्ही त्यांच्यासमोर खाली सह्या केल्या. मजकूर आम्ही वाचलेला नाही.

साक्षीदार: स्टॅन्ली क्रॅबट्री, निवृत्त बसचालक, शेजारी
साक्षीदार: मेवीस ग्रीनवुड, औषधाच्या दुकानात नोकरी

टॉडमॉर्डन, मंगळवार, १२ नोव्हेंबर २०१९